रक्तबीज ते ट्रोल : खेळातील राक्षसाचे पुनरुज्जीवन आणि सूत्रधाराचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापूरला बाळादेवीवरून नाव मिळाले. नवरात्रातील सप्तशतीपाठ वऱ्हाडाला अपरिचित नाही. त्या पाठाच्या आठव्या अध्यायातील रक्तबीज जितका घायाळ होतो तितका वाढत जातो. घावांनी न संपणाऱ्या शत्रूचा हाच प्रश्न एका आधुनिक खेळप्रकारातही उभा राहतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. उरलेले सारे जग, त्यातील राक्षस आणि निवाडा 'गेम मास्टर'च्या हाती असतो. प्रस्तुत लेखात त्यास सूत्रधार म्हटले आहे. राक्षसाची जखम भरून काढण्याचा अधिकार त्याने कसा वापरावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पुराणकथेतील तीन प्रतिमाने

आपल्या परंपरेत या पुनरुज्जीवनाची तीन ठळक रूपे आढळतात. रक्तबीजाचे सामर्थ्य त्याच्या देहातच आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की नवा असुर उभा राहतो. जरासंधाचे सामर्थ्य त्याच्या घडणीत आहे. लोकप्रचलित कथेनुसार त्याची दोन शकले पुन्हा जुळतात. महाभारताच्या आदिपर्वातील असुर मात्र स्वतः जिवंत होत नाहीत. शुक्राचार्य संजीवनी विद्येने त्यांना उठवितात.

तिन्ही ठिकाणी कथाकाराने एक पथ्य पाळले आहे : सामर्थ्याचे कारण सांगितले, की उपायही त्या कारणातच सापडतो. थेंब भूमीवर पडू नये म्हणून काली रक्त प्राशन करते. शकले उलट दिशांना फेकली जातात. आणि विद्या ही शिकता येणारी वस्तू असल्याने कच ती मिळवितो. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) या नाटकाचा आधार हीच कथा आहे. कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांच्या पोटात जाते. शिष्याला जिवंत करावे तर स्वतःस मरण, म्हणून विद्या त्यालाच द्यावी लागते. असुरांचा एकाधिकार असुरांच्याच कृत्याने संपतो.

खेळातील नियम

या खेळाच्या २०१४ सालच्या राक्षससंग्रहात ट्रोल या राक्षसाचे प्राणगुण ८४ आहेत आणि प्रत्येक पाळीच्या आरंभी त्यातील १० भरून येतात. खेळाडूंनी मिळून दर फेरीस २० गुणांची हानी केली, तर जे काम ५ फेऱ्यांत व्हावे त्यास ८ फेऱ्या लागतात. प्राणगुण शून्यावर येऊनही तो पुन्हा उठू शकतो. मात्र अग्नी वा आम्लाचा आघात झाल्यास पुढच्या पाळीला जखम भरत नाही. कारण, मर्यादा आणि उपाय ही तिन्ही अंगे येथे आहेत.

परंतु नियम असणे पुरेसे नाही. तो खेळाडूस दिसला पाहिजे. तलवारीचा घाव मिटताना आणि मशालीने भाजलेली जागा तशीच उघडी राहताना सूत्रधाराने वर्णिली, तर खेळाडू स्वतः उत्तर शोधतात. केवळ 'अजून मेला नाही' एवढेच सांगितले, तर त्याच नियमाचे कंटाळवाण्या लांबणीत रूपांतर होते.

गुप्त उपचाराचा प्रश्न

खरा वाद याच्या पुढे आहे. राक्षस फार लवकर पडतो असे दिसताच काही सूत्रधार पडद्याआड त्याचे प्राणगुण वाढवितात. फासे आंधळे असतात, रंग टिकविणे सूत्रधाराचे काम आहे, हा त्यामागील युक्तिवाद सर्वस्वी त्याज्य नाही. कीर्तनकारही प्रसंग लांबवितोच. पण कीर्तनाचा श्रोता युद्धात काही पणाला लावीत नाही. खेळाडूने आपला शेवटचा मंत्र, शेवटचा बाण खर्च केलेला असतो. प्रकट उपचार त्या कृतीचे फळ लांबणीवर टाकतो. गुप्त उपचार ते फळच रद्द करतो. उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर गुणदानाची पद्धत बदलणाऱ्या परीक्षकाहून हे वेगळे नाही. हेतू चांगला असला तरी विद्यार्थ्याच्या श्रमाला अर्थ उरत नाही. लढाई रंगवायचीच असेल, तर राक्षसाने पळावे, शरण यावे, किंवा त्याचा एखादा शुक्राचार्य सर्वांच्या देखत रणात यावा. त्याला अडविणे तरी खेळाडूंच्या हाती राहते.

निष्कर्ष

राक्षसाचे पुनरुज्जीवन हा दोष नव्हे. तो खेळाडूंपुढे ठेवलेला प्रश्न आहे. त्याचे कारण कथेत असावे, त्याची खूण दिसावी आणि त्याचा उपाय खेळाडूंच्या आवाक्यात असावा. रक्तबीज इतक्या पिढ्यांच्या स्मरणात राहिला, कारण त्याला संपविण्याची युक्ती त्याच्याच रक्तात होती. ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे त्या सूत्रधाराने स्वतःच्या नियमाने स्वतःस बांधून घेतले, तरच त्याच्या राक्षसावरील विजय खेळाडूंना आपला वाटेल.