चित्रपटातले ‘कसे कळले?’

शाळेत चित्रपट दाखवायचे ठरले की शिक्षकांपुढे साधारणपणे दोन प्रश्न उभे राहतात. मुले घाबरतील किंवा बिघडतील असे यात काही आहे का? आणि यातले विज्ञान बरोबर आहे का? पहिल्या प्रश्नाला प्रमाणपत्राचा थोडाफार आधार मिळतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट केले आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी आपण चुकांची यादी करतो. गेल्या काही महिन्यांत आम्ही घरी मुलांबरोबर (एक चौथीत, दुसरे आठवीत) तीन चित्रपट पाहिले. या निमित्ताने आम्हाला एक तिसराच प्रश्न अधिक मोलाचा वाटू लागला : चित्रपटातल्या माणसांना जे कळते, ते कसे कळते?

प्रथम ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३). याच्या चुकांची यादी करणे सोपे आहे. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले, आणि आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए (ग्रीनलंडमधला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला) सुमारे २० लाख वर्षांचा आहे. तेव्हा अश्मीभूत राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनोसॉर घडवणे अशक्यच. व्हेलॉसिरॅप्टर हा प्राणी प्रत्यक्षात टर्की पक्ष्याएवढा होता आणि त्याला पिसे होती, याचा पुरावा २००७ मध्ये मिळाला. टायरॅनोसॉरस तर ज्युरासिक नव्हे, त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातला.

पण आमचा आक्षेप वेगळा आहे. उद्यानातल्या पाहुण्यांना सारे ज्ञान खुर्चीत बसवून, एका कार्टूनच्या तोंडून ऐकवले जाते. शास्त्रज्ञ म्हणजे बंद दाराआडचे जादूगार ठरतात. अपवाद एकच. सर्व प्राणी माद्या आहेत असे सांगितले गेले असताना डॉ. ग्रँटला रानात फुटलेल्या अंड्यांची टरफले सापडतात. मग या प्राण्यांत बेडकाचा डीएनए मिसळला आहे आणि काही बेडकांत लिंगबदल होऊ शकतो, हे दोन धागे तो जोडतो. निरीक्षण, विसंगती, अनुमान! चित्रपटातले खरे विज्ञान या मिनिटभरात आहे, आणि पळापळीत ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तुटलेला हात, माणसाला गिळणारा प्राणी, स्वयंपाकघरात मुलांची चाललेली शिकार ही दृश्ये लहानांना झेपणारी नाहीत. सातवीच्या आधी हा चित्रपट दाखवू नये.

दुसरा ‘ऑक्टोबर स्काय’ (१९९९). ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुट्निक आकाशात गेला, आणि अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या कोलवुड या खाणगावातला होमर हिकम हा मुलगा मित्रांसह अग्निबाण बनवू लागला. पुढे तो नासात अभियंता झाला. पहिला अग्निबाण अंगणातले कुंपण उडवतो. नंतरचेही एकामागून एक फसतात. प्रत्येक फसगतीनंतर मुले काहीतरी बदलतात आणि पुन्हा उडवून पाहतात. जंगलात आग लावल्याचा आळ आल्यावर होमर अग्निबाण कुठे पडला असेल याचे गणित मांडतो, आणि तो खरोखर तिथे सापडतो. खाली येण्यास १४ सेकंद लागले, म्हणून उंची सुमारे ३,००० फूट, असे तो वर्गात मांडतो. नववीच्या मुलांना हे गणित करायला द्यावे : अर्धा गुणिले ३२ गुणिले १४ चा वर्ग, म्हणजे ३,१३६ फूट. मग विचारावे, हवेचा विरोध धरला तर हे उत्तर वाढेल की कमी होईल?

दोष यातही आहेत. प्रत्यक्षात मुले सहा होती, चित्रपटात चारच आहेत. शाळा सोडून होमर खाणीत जातो, हा प्रसंगही जोडलेला आहे. इंधन हाताळण्यातला धोका पुरेसा ठसत नाही. तेव्हा घरी असे प्रयोग करायचे नाहीत, हे शिक्षकांनी स्पष्ट बजावावे. मारहाण आणि खाणीतला अपघात लक्षात घेता सातवीपासून पुढे हा उत्तम.

तिसरा आपल्या पंढरपूरचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४). त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडिलांनी बनवलेली लाडकी सायकल विकावी लागू नये म्हणून ज्ञानेश आणि त्याची बहीण कार्तिकीच्या यात्रेत आईच्या नकळत बांगड्यांचे दुकान मांडतात. आईपासून लपवणे बरे की वाईट, यावर वर्गात चांगली चर्चा होईल. ज्ञानेशच्या मनात न्यूटन संतांच्या पंगतीत बसला आहे. हे गोड आहे, पण इथे शिक्षकांनी थांबावे. संताचे वचन आपण श्रद्धेने ऐकतो. न्यूटनचे म्हणणे मात्र कोणालाही तपासून पाहता येते, आणि तेच त्याचे मोठेपण. एवढी जोड दिली तर हा चित्रपट चौथीलाही दाखवावा.

तथ्याची चूक शिक्षकाला दोन वाक्यांत दुरुस्त करता येते. ‘ज्ञान वरून कोणीतरी देते, आपण फक्त ऐकायचे’ ही समजूत मात्र सहजी जात नाही. मोबाइलवर आलेली प्रत्येक चित्रफीत खरी मानणारी माणसे याच समजुतीतून तयार होतात. म्हणून चित्रपट संपल्यावर मुलांना गोष्ट लिहायला सांगू नये. वहीच्या पानाचे दोन भाग करून एका बाजूला ‘काय कळले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कसे कळले’ हे लिहायला सांगावे. दुसरी बाजू कोरी राहत असेल, तर चित्रपट करमणुकीसाठी जरूर पाहावा. विज्ञानाच्या तासाला तो नको.