कवकरोधी संयुगांची मेदस्नेहता आणि द्रव वर्णलेखन : एक चिकित्सा

औषधाचा रेणू पाण्यातून पेशीपटलाच्या मेदी थरात किती सहजतेने शिरतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या मेदस्नेहतेवर अवलंबून असते. ऑक्टॅनॉल व पाणी यांतील विभाजन गुणांकाचा लॉगॅरिथम, म्हणजेच लॉग पी, हे तिचे प्रचलित माप होय. ते काढण्याची शेक-फ्लास्क पद्धती वेळखाऊ असून तिला शुद्ध नमुना लागतो. यास्तव नव्या ॲझोल संयुगांच्या अभ्यासात व्युत्क्रम प्रावस्था एचपीएलसीचा अवलंब केला जातो. चल प्रावस्थेतील मेथॅनॉलचे प्रमाण बदलून धारणांक मोजतात आणि त्याचा लॉगॅरिथम शुद्ध पाण्यापर्यंत बहिर्वेशित करतात. अत्यल्प नमुना पुरतो व अशुद्धी आपोआप वेगळ्या होतात, हे या पद्धतीचे निर्विवाद गुण होत.

तथापि मिळालेला अंक म्हणजेच मेदस्नेहता, असे मानणे सयुक्तिक नाही. केटोकोनॅझोलचे उदाहरण पाहावे. त्यातील इमिडॅझोल गटाचा पीकेए सुमारे ६.५ आहे. पीएच ३ असलेल्या चल प्रावस्थेत हा गट जवळजवळ पूर्णतः आयनीभूत असतो, पीएच ७.४ ला सुमारे ८९ टक्के रेणूंत तो उदासीन असतो. तो ९९ टक्के उदासीन हवा असल्यास पीएच ८.५ लागतो, परंतु सामान्य सिलिका स्तंभ पीएच ८ च्या पुढे झिजू लागतो. शिवाय स्तंभावरील मुक्त सिलॅनॉल गट आम्लारिधर्मी रेणूंना धरून ठेवतात. अशा वेळी वाढलेला धारणकाल मेदस्नेहतेचा नव्हे, तर स्तंभाच्या गुणधर्माचा निदर्शक ठरतो. पीएच व स्तंभाचा प्रकार न नोंदविता दिलेला अंक म्हणूनच तुलनेस निरुपयोगी होय.

दुसरा दोष पडताळणीचा आहे. प्रायोगिक अंकांची संगणकीय लॉग पी मूल्यांशी तुलना करून उच्च सहसंबंध दाखविला जातो. परंतु संगणकीय मूल्य हे स्वतःच एक अनुमान आहे. एका अनुमानाने दुसऱ्याची सत्यता सिद्ध होत नाही. त्यासाठी लॉग पी प्रयोगाने ज्ञात असलेली प्रमाण संयुगे त्याच स्तंभावर, त्याच परिस्थितीत तपासली पाहिजेत.

अधिक मेदस्नेही संयुग अधिक प्रभावी, हे गृहीतकही टिकत नाही. फ्लुकोनॅझोलचा लॉग पी सुमारे ०.५, तर इट्राकोनॅझोलचा ५ हून अधिक आहे. तरीही मस्तिष्कमेरू द्रवात उत्तम पोहोचते ते फ्लुकोनॅझोलच, आणि क्रिप्टोकॉकसजन्य मेंदुज्वराच्या उपचारात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

सारांश, समान सांगाड्याच्या संयुगांचा तुलनात्मक क्रम लावण्यास ही पद्धती उपयुक्त आहे. परंतु औषधाच्या परिणामकारकतेविषयी निर्णय देण्याचा अधिकार तिला नाही.