पाहुणा लेखक आणि संहितेचे स्वातंत्र्य

इंग्रजी साहित्याच्या विद्यापीठीय अध्यापनाने लेखकाला वर्गातून बाहेर काढले आणि सभागृहात मात्र सन्मानाने बोलाविले. या विसंगतीचा विचार समीक्षेने पुरेशा गांभीर्याने केला पाहिजे.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे वगळून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या; त्या प्रयोगावरील ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये विम्सॅट व बिअर्ड्‌स्ली यांनी लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, असे प्रतिपादन केले. एलियटच्या 'प्रूफ्रॉक'मधील जलपऱ्यांच्या ओळीत डनच्या कवितेचा संदर्भ आहे काय, हे हयात असलेल्या एलियटला पत्राने विचारता आले असते. परंतु त्याच्या उत्तराने समीक्षेचा प्रश्न सुटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याच कालखंडात अमेरिकन विद्यापीठांनी लेखकाला जवळ केले. मिशिगनने १९२१ साली रॉबर्ट फ्रॉस्टला निवासी कवी म्हणून पाचारण केले. आयोवात १९३६ साली लेखन-कार्यशाळा स्थिरावली. तेथील १९६७ च्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पुढे दिलीप चित्रेही सहभागी झाले. डिलन टॉमसने १९५० ते १९५३ या काळात चार अमेरिकन दौरे करून अनेक विद्यापीठांत काव्यवाचन केले.

यास दांभिकता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु काव्यवाचन म्हणजे हेतूविषयीची साक्ष नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. टॉमस आपल्या कवितांआधी हार्डी, येट्स इत्यादिकांच्या कविता वाचीत असे. त्या कवितांवर त्याचा कर्तृत्वाचा अधिकार नव्हता. अधिकार होता तो वाचकाचा. मग स्वतःच्या कवितेकडे वळताच तो अधिकार बदलतो काय? छापील ओळीत आघाताच्या व विरामाच्या अनेक शक्यता एकत्र नांदतात. आवाज त्यांतील एक निवडतो. म्हणजे कवीचे वाचन हेही अर्थनच होय. वाचकाचा अर्थ कवीच्या अर्थाहून निराळा आणि तरीही तितकाच ग्राह्य असू शकतो, हे स्वतः एलियटने १९४२ साली ग्लासगो विद्यापीठातील व्याख्यानात मान्य केले होते.

दोष आहे तो वाचनानंतरच्या प्रश्नोत्तरांत. 'या ओळीत आपल्याला काय अभिप्रेत होते?' असा प्रश्न येतो, उत्तर वहीत उतरते आणि कविता मिटते. वर्षभर संहितेशी झगडावयास शिकविलेला विद्यार्थी एका संध्याकाळी कौल लावावयास जातो.

या बाबतीत मराठीचा अनुभव बोलका आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाने कविता लोकांपर्यंत नेली. पण चालीने कवितेवर मात केली, असा आक्षेपही त्यावर घेतला गेला. तो आक्षेप बरोबर की चूक, हा वेगळा मुद्दा. आपल्या समीक्षेने कवीच्या आवाजालाही प्रमाण मानले नाही, त्याची चिकित्सा केली, हे महत्त्वाचे. पुढे महाराष्ट्रभर काव्यवाचन करणारे विंदा करंदीकर महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते. वर्ग आणि व्यासपीठ यांच्यात वैर असण्याचे कारण नाही, हे त्यांच्या उदाहरणाने दिसते.

इंग्रजी विभागांनी पाहुण्या लेखकास अवश्य बोलवावे. मात्र त्याच्या भेटीपूर्वी विद्यार्थ्यांनी ती कविता मोठ्याने वाचलेली असावी. मग लेखकाचे वाचन ऐकून 'येथे आपण का थांबलात? आम्ही थांबलो नव्हतो' असे त्यांना म्हणता येईल. तेव्हाच तो लेखक त्या विभागाचा खरा अतिथी ठरेल.