कार्ल्याचा यवन

लोणावळ्याहून कार्ल्याला जाणारे चैत्याची कमान पाहतात. मी खांबांवरील लेख वाचीत बसतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे एकोळी वाङ्मय मला फार सकस वाटते. धेनुकाकटाचा सिहधय यवन आपले नाव, गाव आणि खांबाचे दान एवढेच सांगून थांबतो. बेकायदा स्थलांतरितांविषयीच्या आजच्या लोकमताला हा संयम नाही. त्याला बोली हाच पुरावा! जून 2025 मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय ठरल्यावर परत आणावे लागले. सरहद्द राखलीच पाहिजे. पण बोलीवरून माणूस ओळखणाऱ्यांनी सिहधयाला जरूर भेटावे. नाव इथल्या वळणाचे, बिरूद मात्र यवनाचे. तो ग्रीक की इथलाच, यावर पंडितांचे अजून एकमत नाही.