एन्नियो फ्लायानो : पाहणे आणि विसरणे

इटालियन लेखक व चित्रपटसमीक्षक एन्नियो फ्लायानो (१९१०-१९७२) यांचा उल्लेख बहुधा फेदेरिको फेलिनी यांचे सहपटकथाकार म्हणूनच होतो. ‘इ वितेल्लोनी’ (१९५३), ‘ला दोल्चे विता’ (१९६०) आणि ‘ओत्तो ए मेद्झो’ (१९६३) या चित्रपटांच्या लेखनातील त्यांचा सहभाग पाहता हे स्वाभाविक आहे. तथापि या ओळखीमुळे त्यांच्या समग्र लेखनामागील नैतिक दृष्टी झाकोळली जाते.

पेस्कारा येथे जन्मलेले फ्लायानो १९३५-३६ च्या इथिओपियावरील आक्रमणात इटालियन सैन्याचे अधिकारी होते. त्या पार्श्वभूमीवरील त्यांच्या ‘तेम्पो दि उच्चीदेरे’ या एकमेव कादंबरीस १९४७ मध्ये पहिले स्त्रेगा पारितोषिक लाभले. कादंबरीतील लेफ्टनंटच्या गोळीने एक इथिओपियन स्त्री चुकून जखमी होते. तो तिला ठार करतो आणि पुरतो. शिक्षेच्या आणि कुष्ठरोगाच्या भयाने तो भटकत राहतो. प्रत्यक्षात त्याच्यावर कोणताच आरोप येत नाही. ही निर्दोष सुटका हाच वसाहतवादी समाजावरील कठोर अभिप्राय ठरतो. मात्र मृत स्त्रीला स्वतःचा आवाज नाही. ती केवळ मारणाऱ्याच्या नजरेतून दिसते. निवेदकाचा आत्मकेंद्रितपणा उघड करण्यासाठी ही योजना असली, तरी कादंबरीची ती मर्यादाही आहे.

हेच विस्मरण ‘उन मार्त्सियानो आ रोमा’ या नाटकात उपहासाचे रूप घेते. रोममध्ये उतरलेल्या मंगळवासीयाला शहर प्रथम डोक्यावर घेते आणि लवकरच त्याच्याकडे पाठ फिरवते. १९६० मध्ये मिलान येथे हे नाटक अपयशी ठरले. त्याच वर्षीच्या ‘ला दोल्चे विता’मधील छायाचित्रकार पापारात्सो याचे नाव मात्र अनेक भाषांत सामान्यनाम झाले. नाटक व चित्रपट या दोहोंत बघ्यांचा उत्साह आहे, जबाबदारी नाही.

या संदर्भात त्यांच्या चित्रपटसमीक्षेस विशेष महत्त्व येते. मरणोत्तर संकलित झालेल्या ‘लेत्तेरे दामोरे अल चिनेमा’ (१९७८) या संग्रहाच्या शीर्षकाचा अर्थ ‘चित्रपटास प्रेमपत्रे’ असा आहे. हे प्रेम भाबडे नव्हे. पडद्यावरील प्रतिमा प्रेक्षकाला काय पाहावयास लावते आणि काय विसरावयास लावते, हा प्रश्न समीक्षकाचा असतो. कादंबरी व नाटकातून फ्लायानोंनी तोच प्रश्न समाजाला विचारला.

सारांश, फेलिनींच्या श्रेयनामावलीपुरते फ्लायानोंना मर्यादित ठेवणे अन्यायकारक आहे. त्यांच्या ठायी समीक्षक व सर्जक वेगळे करता येत नाहीत; पाहिलेल्याची जबाबदारी स्वीकारणे, हे त्या दोघांना जोडणारे मूल्य होय.