नळीचा मेळ आणि पुराव्याची कसोटी

धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या भुईकोट किल्ल्याशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, ती तोफ आज तेथे नाही. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ पुढे परांड्यास होती. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेविषयी लोक आजवर जे सांगत आले, ते तिच्या आकाराविषयी, तिच्या सिंहमुखाविषयी आणि कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाविषयी. तिचा गोळा इष्ट जागेपासून किती दूर पडे, हा प्रश्न या ख्यातीत सहसा उद्भवत नाही. शस्त्राची कीर्ती आणि शस्त्राची अचूकता या भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. हा विवेक जुन्या तोफांपुरताच आवश्यक आहे असे नव्हे. आधुनिक नेमबाजीत रायफलच्या नळीवर बसविण्यात येणाऱ्या ‘ट्यूनर’च्या चर्चेतही त्याचीच उणीव भासते.

ट्यूनर म्हणजे नळीच्या तोंडाशी बसविलेले, आट्यांवर पुढेमागे सरकणारे वजन. काडतूस पेटताच नळी सूक्ष्म कंप पावते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड कोणत्या दिशेस झुकलेले आहे यावर गोळीचा मार्ग काही अंशी अवलंबून असतो. वजन सरकविले की कंपाची लय बदलते. तंबोऱ्याचा मणी सरकवून तार सुरात आणावी, तशी ही कल्पना आहे. ती निराधार मुळीच नाही. रायफलच्या नळीच्या कंपनांचा शास्त्रीय विचार मॅलॉक यांनी १९०१ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. रायफल मेजावर टेकवून केवळ गोळ्यांच्या पुंजाची रुंदी मोजणाऱ्या ‘बेंचरेस्ट’ या प्रकारात ट्यूनरला विशेष मान मिळाला, यातही नवल नाही.

परंतु ट्यूनरच्या समर्थनार्थ दोन उपपत्ती मांडल्या जातात आणि त्या बहुधा एकमेकींत मिसळल्या जातात. पहिलीनुसार नळीचे तोंड क्षणभर स्थिरावते त्या वेळी गोळी बाहेर पडावी. दुसरीनुसार तोंड वर उचलले जात असतानाच ती बाहेर पडावी. म्हणजे मंद गोळी किंचित उशिरा आणि म्हणून किंचित वरच्या कोनात निघेल, व तिची अधिक घसरण भरून निघेल. या दोन्ही गोष्टी एकाच जुळणीत साधणे शक्य नाही. तोंड स्थिर असेल तर भरपाई नाही. भरपाई हवी असेल तर तोंड स्थिर असून चालणार नाही. शिवाय ही भरपाई एका ठराविक अंतरापुरतीच बरोबर बसते. आपला पक्ष यांपैकी कोणता, हे न सांगता केवळ ‘नळी सुरात आली’ असे म्हणणे म्हणजे उपमेलाच प्रमाण मानणे होय.

प्रश्न क्षुल्लक नाही, हे साध्या गणिताने दिसते. सेकंदाला ३३० मीटर आणि ३२० मीटर वेगाने निघालेल्या दोन गोळ्यांच्या घसरणीत, हवेचा रोध सोडून दिला तरी, ५० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटरचा फरक पडतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असून पुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर असते. म्हणजे वेगातील एवढ्याशा फरकाने जवळजवळ एक गुण जाऊ शकतो. ट्यूनर ही हानी खरोखर टाळीत असेल, तर ते त्याचे मोठेच श्रेय ठरेल.

तथापि हे श्रेय देण्याची प्रचलित रीत सदोष आहे. नेमबाज वीस निरनिराळ्या जुळण्यांवर प्रत्येकी पाच गोळ्या झाडतो, सर्वांत लहान पुंज निवडतो आणि तीच जुळणी उत्तम ठरवितो. पाच गोळ्यांच्या पुंजाची रुंदी, रायफलमध्ये काहीही बदल न करता, सरासरीच्या सुमारे पाव हिश्श्याने वरखाली होतच असते. असे वीस पुंज घेतले तर त्यांतील सर्वांत लहान पुंज केवळ योगायोगानेही सरासरीच्या निम्म्याच्या आसपास येतो. ट्यूनर मुळीच परिणामकारक नसता तरी असाच ‘उत्तम’ पुंज हाती आला असता! तंबोऱ्याच्या मण्याची साक्ष कान तत्काळ देतो. येथे तसा कान नाही, येथे संख्याशास्त्रच कानाचे काम करते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. अशा स्पर्धांत रायफल मेजावर नव्हे, तर माणसाच्या हाती असते. तेथे तोंडाशी वजन वाढले की रायफलचा तोलही बदलतो. हातातील रायफलचे गुण सुधारले, तर ते कंपनामुळे की तोलामुळे, हे वेगळे केल्यावाचून बेंचरेस्टचे निष्कर्ष येथे आणता येणार नाहीत.

कसोटी अवघड नाही. निवडलेली जुळणी आणि एक सर्वसामान्य जुळणी आलटून पालटून, एकाच लॉटच्या काडतुसांनी, नव्या गोळ्या झाडून पाहावी. कोणती जुळणी चालू आहे हे नेमबाजास कळू देऊ नये. निवडीच्या वेळचे पुंज हिशेबात धरू नयेत. प्रत्येक गोळीचा वेगही नोंदवावा. मंद गोळ्या खाली पडत राहिल्या, तर भरपाईची उपपत्ती त्या जुळणीपुरती खोटी. त्या वेगवान गोळ्यांच्याच उंचीवर पडल्या, तर तिला खरा आधार मिळाला. ट्यूनर निरुपयोगी आहे, असा निर्णय येथे अभिप्रेत नाही. त्याच्या बाजूने आलेला बराचसा पुरावा हा पुरावाच नव्हे, एवढेच म्हणणे आहे. परांड्याच्या तोफेला तिच्या कीर्तीने भागले. ट्यूनरला त्याच्या गोळ्या मोजून द्याव्या लागतील.