फोन्सेकांची मेरी आणि बोरकरांचा गोवा

लहान प्रदेशाच्या कलेचा विचार करताना चित्र आणि काव्य यांची दप्तरे वेगळी ठेवून चालत नाही. मोठ्या देशात चित्रकारांना त्यांचा रसिक मिळतो, कवींना त्यांचा. जेथे माणसेच थोडी, तेथे दोघांना एकाच अंगणात उभे राहावे लागते. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया हे बेट याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे क्षेत्रफळ अवघे ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याचा सहावा हिस्सा. तेथील कवी डेरेक वॉलकॉट आणि चित्रकार डन्स्टन सेंट ओमर हे हॅरल्ड सिमन्स या एकाच गुरूचे शिष्य. वॉलकॉट मेथॉडिस्ट घरातले, सेंट ओमर कॅथॉलिक. परंतु हा भेद मैत्रीच्या आड आला नाही. आपले बेट शब्दांत व रंगांत उतरविल्यावाचून ते सोडावयाचे नाही, ही तारुण्यातील शपथ वॉलकॉट यांनी ‘अनदर लाइफ’ (१९७३) या दीर्घकाव्यात सांगितली आहे. सेंट ओमर यांनी रोझो खोऱ्यातील चर्चमध्ये वेदीमागे येशूचे कुटुंब कृष्णवर्णी रंगविले आणि भोवती तेथलीच कष्टकरी माणसे उभी केली. त्या चित्राला पुढे वॉलकॉट यांच्या कवितेत जागा मिळाली. वॉलकॉट यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक लाभले, आणि कवितेच्या बोटाला धरून ते चित्रही बेटाबाहेर पडले.

असा शेजार आपल्याकडे होता काय? होता, आपण तो पाहिला नाही, एवढेच.

आंजेलो द फोन्सेका १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे जन्मले. पाण्याने वेढलेले हे गाव स्वतःच एक बेट आहे. कोकणीत त्याला जुवें म्हणजे बेट असेच म्हणतात. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्यापाशी शिकून ते गोव्यास परतले आणि त्यांनी मेरीला साडी नेसविली. पोर्तुगीज अंमलातील सनातनी मंडळींना हे रुचले नाही. फोन्सेका पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आले व १९६७ मध्ये पुण्यातच वारले. वस्तुतः साडी हा कोणा एका पंथाचा पोशाख नव्हे. आमच्या पंडरीच्या कापडबाजारात घटकाभर उभे राहिले तरी ते उमगते. बोरी गावचे बा. भ. बोरकर १९५५ पासून आकाशवाणीच्या नोकरीत होते, आणि त्यातला काही काळ पुण्यात. एकाच मातीचे चित्रकार आणि कवी एकाच शहरात वावरत असता मराठी समीक्षेने त्यांचा एकत्र विचार केला नाही.

फोन्सेकांचा मराठी साहित्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १६१६ सालीच दिले गेले आहे. रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत गायिली. ओवीने जे केले, तेच तीन शतकांनंतर फोन्सेकांच्या कुंचल्याने केले. बोरकरही संतवाणीचेच वारसदार. त्यांच्या काव्यात इंद्रियांचा आनंद आणि भक्ती यांचे वैर नाही. फोन्सेकांच्या मेरीतही घरातील बाई आणि देवमाता अशी फाळणी होत नाही.

दोघांची उणीवही एकच आहे. सेंट ओमर यांच्या माणसांच्या अंगावर श्रमाच्या खुणा दिसतात. फोन्सेकांची मेरी बहुधा शांत, बोरकरांचा गोवा बहुधा प्रसन्न. माधुर्याच्या ओढीने दोघांनीही घामाला आत येऊ दिले नाही, असे मला वाटते. मात्र ही उणीव दिसण्यासाठीसुद्धा दोघांना शेजारी बसवावे लागते. एकट्या बोरकरांपुरते पाहिले, तर ती त्यांच्या स्वभावाची गोष्ट म्हणून आपण सोडून देतो; चित्र समोर आले म्हणजे तो एका प्रदेशाच्या कलादृष्टीचा प्रश्न होतो.

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना प्रदेशाची ओढ म्हणजे काय, हे सांगावयास नको. रजा-प्रवास सवलतीवर गोव्यास जाणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेली फोन्सेकांची चित्रे पाहावीत, आणि बोरकरांचा ‘दूधसागर’ सोबत न्यावा. दोहोंची साक्ष एकत्र घेतल्याखेरीज आपल्या समीक्षेने गोव्याविषयी निकाल देऊ नये.